मेटल डिटेक्टरचं मशीन बॅगेतच ठेवून आधी आईजवळ बसलेल्या काकांना

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

नाव कुठे लिहू नकोस असं तुम्ही बजावलंत, म्हणून लिहीत नाही. पण आभार मात्र चारचौघांत मानणार. आईचं मंगळसूत्र पुन्हा तिच्या गळ्यात आहे, आणि ती देवापुढे दिवा लावायला वाकली की माझी नजर अजून आधी तिथेच जाते.

श्रावणात आमच्या नेरूळच्या सोसायटीत बायकांची मंगळागौरीच्या खेळांची तालीम चालली होती. लॉनवर फुगडी घालताना आईच्या मंगळसूत्राचा फासा निघाला. कळलं ते घरी आल्यावर, आणि रात्री पाऊस कोसळला. बाबा लगेच म्हणाले, दुसरं करू. पण त्यातली माहेरची वाटी आजीने स्वतःची बांगडी मोडून करवून घेतली होती. आजी आता नाही. ती वाटी कुठला सराफ घडवून देणार?

लोक काय काय बोलले तेही लिहिते, कारण ते अजून डाचतंय. "खेळताना खोटं घालायचं ना!" "एवढं पडलं आणि कळलं नाही?" आई प्रत्येकासमोर मान खाली घालून उभी. त्याहून वाईट म्हणजे झाडलोट करणाऱ्या मावशींवर संशय गेला. सोसायटीतल्या दोघांनी त्यांची पिशवी उलटी करून पाहिली. आमच्या घरच्या कोणी तसं सांगितलं नव्हतं, तरी आमच्याच नावावर ते झालं.

मग कोणीतरी एका गृहस्थांना बोलावलं. हरवलेले दागिने शोधून देणं हा त्यांचा धंदा. पैसे आधी मोजून घेतले. जमिनीतला धातू शोधणारं त्यांचं मशीन भारी, रंगीत स्क्रीन, जमिनीवरून फिरवायची चकती म्हणजे कॉइल, तीही भलीमोठी. हे मशीन खिळे आणि चांदीचे कागद आपोआप गाळतं, असं त्यांनी अभिमानाने दाखवलं. लॉनवरून झपाझप चालत गेले, कॉइल गुडघ्याच्या उंचीला झुलत होती. कुंपणाजवळ मशीन केकाटायला लागलं तशी तिकडून लांब सरकले आणि सांगून टाकलं, "इथे नाहीये, कोणीतरी उचललंय." त्या एका वाक्याने मावशींचं काय झालं असेल, याचा त्यांनी विचारही केला नाही.

तुम्ही आलात ते ऐरोलीहून लोकलने, खांद्यावर जुनी क्रिकेटची बॅग. आत मशीन आहे हे सांगावं लागलं. हँडलला चिकटपट्टी गुंडाळलेली. खरं सांगते, बाबांचा चेहरा पडला होता.

आणि तुम्ही बॅग उघडलीच नाहीत. ओल्या गवतावर आईशेजारी मांडी घालून बसलात. म्हणालात, "वहिनी, घाई नाही. फुगडी कोणाबरोबर घालत होतात?" मंगळसूत्र हरवल्यापासून आईला दोष न देता विचारलेला तो पहिला प्रश्न होता, काका. तिने आधी पदराने डोळे पुसले, मग बोलायला लागली. फुगडी कुठे सुरू झाली, कोणत्या अंगाने फिरलात, हात सुटले तेव्हा तोंड कुठे होतं, तोल कुठे गेला. तुम्ही जोडीदार काकूंनाही बोलावलंत, दोघींना हात धरून त्याच जागी उभं केलंत. त्या दोघी तिथे हळूच अर्धी गिरकी फिरल्या आणि आई चक्क हसली. तेवढ्यात तिला आठवलं की हात सुटल्यावर ती तगरीच्या कुंपणाकडे भेलकांडली होती. मग मावशींना विचारलंत, "ताई, त्यानंतर गवत कापलंय का?" त्या म्हणाल्या, नाही. त्यांना कोणीतरी काही नीट विचारलं, तेही तेव्हाच.

तुमचं काम मी अगदी शेजारी उभी राहून पाहिलं. आधी कॉइल एका मोकळ्या जागी वर-खाली करून मशीनला इथल्या मुरमाची सवय लावलीत, कारण आपल्या काळ्या दगडाच्या मातीत लोह इतकं असतं की जमीनच आवाज करते. शेजारच्या काकूंचं तसंच मंगळसूत्र गवतात ठेवून ऐकवलंत. काळे मणी काचेचे, ते मुके. बारीक साखळीची कडी न् कडी सुटी, तिचाही आवाज जेमतेम. बोलते ती वाटी. आणि सोन्याच्या छोट्या वाटीचा मशीनवर दिसणारा आकडा चॉकलेटच्या चंदेरी कागदाच्या आसपासच येतो! म्हणजे कागद गाळणाऱ्या मशीनने सोनंही गाळलं असणार. तुम्ही काहीच गाळलं नाहीत. बाटल्यांची बुचं, बांधकामाच्या वेळची तार, खिळे, सगळं ऐकत राहिलात. कॉइल गवताला टेकवून, प्रत्येक फेरी आधीच्या फेरीवर अर्धी चढवत, झाडू मारावा तशी सावकाश.

कुंपणाच्या काँक्रीटमध्ये सळ्या आहेत. तिथे तुमचंही मशीन ओरडलं. तुम्ही मोठी कॉइल काढून तळहाताएवढी लावलीत आणि सळीपासून वीतभर अंतर राखून तगरीच्या बुंध्याशी शिरलात. एक बारीक आवाज. तुम्ही कॉइल आधी आडवी फिरवलीत, मग उभ्या बाजूने येऊन तोच आवाज पुन्हा घेतलात. खुरप्याने पानं बाजूला केली, तर चिखलात काळ्या मण्यांचा सर, आणि त्याला दोन्ही वाट्या. उकरलेली माती परत जागेवर दाबून मगच उठलात.

चहा घेताना भावाने विचारलं, मग मशीनपेक्षा हात महत्त्वाचा ना? तुम्ही लगेच हो म्हणाला नाहीत, याचंही कौतुक वाटलं. उरणच्या ओल्या खाऱ्या वाळूत तुमचं हे मशीन बडबडत सुटतं, तिथे वेगळ्या जातीचंच मशीन लागतं, कितीही मुरलेला हात असो, असं तुम्ही सांगितलंत. लहान कॉइल जवळ नसती तर सळीशेजारी काही ऐकू आलं नसतं, हेही. पण मग ग्रॅहम बेलची गोष्ट सांगितलीत. १८८१ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष गारफिल्ड यांना गोळी लागली, तेव्हा टेलिफोनवाल्या बेलने ती शोधायला यंत्र बनवलं. यंत्र चांगलं होतं. पण डॉक्टरांनी त्याला फक्त उजव्या बाजूला शोधू दिलं, खाली पलंगाच्या लोखंडी स्प्रिंगा होत्या, आणि गोळी होती डावीकडे. आणि २००९ मध्ये इंग्लंडमधल्या स्टॅफर्डशायरच्या शेतात टेरी हर्बर्ट यांना अँग्लो-सॅक्सन, म्हणजे तिथल्या जुन्या काळच्या लोकांच्या, सोन्याचा प्रचंड साठा सापडला तो जुन्या, वापरलेल्या मशीनने. मला तर वाटतं, तुमची खरी विद्या बॅग उघडायच्या आधीच सुरू झाली होती. कुठे शोधायचं हे मशीनला कळत नाही, ते माणसाला विचारावं लागतं, आणि घाबरलेलं माणूस दटावणाऱ्याला काही सांगत नाही.

किल्ल्यांवर, जुन्या देवळांच्या आवारात कधीच मशीन लावत नाही, असंही तुम्ही म्हणालात. जमिनीत दडलेलं दहा रुपयांहून जास्त किमतीचं धन सापडलं तर कलेक्टरला कळवावं लागतं, हा १८७८ चा कायदा मला तुमच्याकडूनच कळला. इतका छंद असून सिंहगड-रायगडाच्या मातीला हात न लावणारा माणूस दुसऱ्याच्या अंगणात शिरताना चपला बाहेर काढतो, यात मला नवल वाटलं नाही. अशी माणसं अजून आहेत. लोकलने येतात, काम करतात, निघून जातात. त्यांची कार्डं छापलेली नसतात म्हणून आपल्याला सापडत नाहीत.

पैशांचं पाकीट तुम्ही हातात धरलंसुद्धा नाही. जाताना दारात म्हणालात, "मला काही नको. त्या ताईंची माफी मागा." बाबा आणि मी त्याच संध्याकाळी मावशींच्या घरी जाऊन आलो. पिशवी तपासणाऱ्या दोघांनी अजून मागितलेली नाही. हे पत्र सोसायटीच्या नोटीस बोर्डावरही लावणार आहे, त्यांनी वाचावं म्हणून.

गणपतीला काकूंना घेऊन यायचं तुम्ही कबूल केलंय. आई विचारतेय, मोदक उकडीचे करू की तळणीचे? तेवढं कळवा.

तुमची,
नेरूळच्या वहिनींची मुलगी