फुटेज खरं, बातमी खोटी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

व्हायरल व्हिडिओ कसे तपासायचे यावरचा तुमच्या रविवार पुरवणीतला लेख वाचला, आवडला, आमच्या सोसायटीच्या ग्रुपवरही टाकला. पण त्यात सगळा भर व्हिडिओ खरा आहे की बनावट यावरच होता. व्हिडिओ शंभर टक्के खरा आणि त्यावरून सांगितलेली गोष्ट धादांत खोटी, असं असेल तेव्हा काय करायचं, हे त्यात कुठेच नव्हतं आणि मला तर तेच जास्त धोक्याचं वाटतं.

मी कोथरूडला राहतो, लग्नं आणि संस्थांचे कार्यक्रम यांच्या व्हिडिओंचं एडिटिंग करतो. सध्या भाचीबरोबर 'बॅबिलॉन ५' ही जुनी अमेरिकन सायफाय मालिका बघतोय. तिच्या चौथ्या सीझनमध्ये 'द इल्यूजन ऑफ ट्रुथ' नावाचा एपिसोड आहे, १९९७ चा. तो बघून झाल्यावर आम्ही दोघं बराच वेळ त्याच्यावरच बोलत होतो.

गोष्ट अशी आहे की पृथ्वीवर क्लार्क नावाचा राष्ट्राध्यक्ष हुकूमशहा झालाय आणि बॅबिलॉन ५ हे अंतराळ स्थानक त्याच्यापासून फुटून स्वतंत्र झालंय. आयएसएन हे न्यूज चॅनल आधीच्या सीझनमध्ये खरं बोलायला लागतं तेव्हा लाइव्ह बातम्या चालू असतानाच स्टुडिओवर हल्ला होऊन बंद पडतं, आणि पुढे ते परत सुरू होतं, पण आता सरकारच्या ताब्यात. या एपिसोडमध्ये त्यांचा रिपोर्टर स्टेशनवर येतो. स्टेशनचा प्रमुख कॅप्टन शेरिडन याला माहीत असतं की चॅनल कुणाचं आहे, तरी तो परवानगी देतो, कारण नाही म्हटलं तरी रिपोर्ट बनणारच आहे, निदान आपली चार वाक्यं तरी लोकांपर्यंत जातील. मग रिपोर्ट लागतो. स्टेशन खरं, माणसं खरी, आवाज त्यांचेच, आणि सगळ्याचा अर्थ उलटा.

स्टेशनचा डॉक्टर ज्या टेलिपाथना, म्हणजे दुसऱ्याचं मन वाचू शकणाऱ्या माणसांना, वाचवायची धडपड करतोय त्यांना गोठवून ठेवलेल्या क्रायो ट्यूब्ज दाखवतात आणि वरून व्हॉइसओव्हर असा की इथे माणसांवर परग्रहवासीयांसाठी प्रयोग चालू आहेत. शेरिडनचं डेलेनवर, म्हणजे मिनबारी या परग्रहावरच्या जमातीतल्या एका बाईवर, प्रेम आहे, तर एक तज्ज्ञ बसवून त्याला 'मिनबारी वॉर सिंड्रोम' नावाचा मानसिक आजार चिकटवतात. सगळ्यात वाईट वाटतं ते गॅरिबाल्डीचं. हा शेरिडनचा जुना सहकारी, नुकताच नोकरी सोडलेला, त्याची शेरिडनवर खरोखरच नाराजी असते आणि ती तो कॅमेऱ्यासमोर बोलून दाखवतो. त्याचं मत प्रामाणिक वाटतं, म्हणूनच ते एवढं कामाला येतं. बाहेरच्या माणसाने शंभर आरोप केले तरी जे झालं नसतं ते घरच्या माणसाच्या एका बाईटने होतं.

ही जादू नाहीये हो, आमच्या धंद्यातली अगदी प्राथमिक गोष्ट आहे. साधारण शंभर वर्षांपूर्वी रशियात कुलेशोव नावाच्या दिग्दर्शकाने एका नटाचा तोच चेहरा आधी सूपच्या वाटीला जोडला, मग शवपेटीतल्या मुलीला, मग एका बाईला, आणि बघणाऱ्यांना त्याच चेहऱ्यात भूक, दुःख, वासना असं वेगवेगळं दिसलं म्हणतात. आपल्या लॉ कॉलेज रोडवरच्या एफटीआयआयमध्ये एडिटिंग शिकणाऱ्या कुठल्याही मुलाला हे माहीत असतं. मीसुद्धा भाषण रटाळ झालं तर दुसऱ्या भाषणातल्या टाळ्यांचे रिअ‍ॅक्शन शॉट तिथे लावतो, यजमान खूश होतात, त्यात कुणाचं नुकसान नसतं. पण टाइमलाइनवर तेच दोन तुकडे आणि तोच कट वापरून एखाद्याची अब्रूही घेता येते.

आमच्याच सोसायटीत झालं. मीटिंगमध्ये अध्यक्ष म्हणाले, मेंटेनन्स वेळेवर आला नाही तर टँकर बंद करावे लागतील. ग्रुपवर क्लिप फिरली ती फक्त 'टँकर बंद करावे लागतील' एवढीच. चेहरा त्यांचा, आवाज त्यांचा, कुठलं ॲप लावून तपासणार? दोन दिवस लोक त्या काकांशी बोलत नव्हते. एवढ्याशा सोसायटीत हे, तर निवडणुकीत काय होत असेल?

आणीबाणीत, २८ जून १९७५ ला, 'इंडियन एक्सप्रेस'ने अग्रलेखाची जागा कोरी सोडली होती. ती जागा बघून वाचकाला निदान कळलं की इथून काहीतरी काढलंय. कापलेल्या व्हिडिओत अशी कोरी जागा राहत नाही, कट चांगला असेल तर तो दिसतच नाही, आणि बघणारा म्हणतो, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

म्हणून नुसतं फॅक्ट चेक करून 'व्हिडिओ खरा आहे' असा शिक्का मारू नका, त्याने उलट त्या खोट्या अर्थालाच बळ मिळतं. आधी काय बोललं गेलं, नंतर काय, प्रश्न काय विचारला होता, रॉ, म्हणजे न कापलेलं, फुटेज कुणाकडे आहे, हे शोधा. आणि माझी एक अगदी साधी विनंती आहे. कुठल्याही नेत्याचं, नटाचं, खेळाडूचं गाजलेलं वाक्य छापाल तेव्हा त्याला विचारलेला प्रश्नही त्याच टायपात शेजारी छापा आणि पूर्ण भाषणाचा क्यूआर कोड द्या. चार ओळींची जागा जाईल, जाहिरात थोडी सरकेल, पण एवढं कराच. पूर्ण व्हिडिओ मिळालाच नाही तर तसंही बातमीतच लिहा, तळटीपेत नको.

कळावे,
आपला नियमित वाचक,
कोथरूड, पुणे