रेडिएशनचा खर्च: बाबांना पत्र

ती. बाबा आणि आई,
सा. न.

बाबा, तुम्ही फोनवर विचारलंत की हातावरच्या गाठीला रेडिएशन घ्यायला तिकडे जर्मनीत पैसे किती पडतात, आणि मी "लिहून पाठवते" म्हणून विषय थांबवला, कारण ते एका आकड्यात सांगण्यासारखं नाहीच. हे पत्र प्रिंट काढून पाचपाखाडीच्या डॉक्टरांकडे नेलंत तरी चालेल, फक्त त्यांना "मुलगी जर्मनीत असते, तिने लिहिलंय" असं सांगू नका, डॉक्टर लोकांना ते अजिबात आवडत नाही.

आमच्या घरमालक आजोबांचं आधी सांगते. आयुष्यभर सुतारकाम केलेला माणूस, डाव्या तळहातावर अनामिकेच्या खाली गाठ आली, मग गाठीच्या पुढे दोरीसारखं काहीतरी ताणल्यासारखं लागायला लागलं. याला डुपुट्रेन म्हणतात, पॅरिसच्या एका सर्जनचं नाव आहे, त्याने 1831 मध्ये याचं ऑपरेशन करून दाखवलं होतं. इकडच्या गोऱ्या लोकांत खूप आढळतं, घराण्यातून येतं, आपल्याकडे त्यामानाने कमी, पण शुगरवाल्यांना होऊ शकतं म्हणूनच मी तुमची गाठ हसण्यावारी नेत नाहीये. आजोबांना फॅमिली डॉक्टरने रेफरन्स दिला, रेडिएशनवाल्या डॉक्टरांनी पेनाने गाठीभोवती खूण केली, बाकीचा हात शिसाने झाकला, आणि रोज काही मिनिटं असं पाच दिवस. मग बारा आठवडे सुट्टी, मग परत पाच दिवस. प्रत्येक वेळी 3 ग्रे (हे रेडिएशनच्या डोसचं माप), म्हणजे एकूण 30. कातडी कोरडी झाली, थोडी लाल झाली, क्रीम लावत बसले, बस्स.

आणि काउंटरवर भरले किती? शून्य. फक्त विम्याचं कार्ड दाखवलं.

आता "अरे वा, फुकट" असं म्हणू नका हां आई. इथे सरकारी धाटणीचा विमा असतो, क्रांकनकासे, त्याला पगाराच्या 14.6 टक्के जातात, वर प्रत्येक कासेचा जास्तीचा हप्ता वेगळा, 2025 साली तो सरासरी 2.5 टक्के धरला होता, आणि हे सगळं निम्मं कंपनी निम्मं आपण. म्हणजे माझ्या पगारातून दर महिन्याला साडेआठ टक्क्यांच्या आसपास कापले जातात, आजारी असो नसो, ठराविक पगाराच्या पुढे मात्र वाढत नाही. आजोबांनी चाळीसेक वर्षं असं भरलंय तेव्हा कुठे ते शून्य आलं. बरं, इथे कॅन्सर नसलेल्या दुखण्यांना रेडिएशन देणं ही जुनी पद्धत आहे, टाचेच्या हाडाला, खांद्याला, हाताला, म्हणून कासे कुरकुर करत नाही. आमच्या ऑफिसातला एक जण प्रायव्हेट विम्यावाला आहे, त्याला मात्र बिल घरी पोस्टाने येतं, आधी त्याने भरायचं मग विमा कंपनी देते, आणि बिलाची गंमत अशी की सरकारी दरपत्रकातल्या आकड्याला डॉक्टर गुणाकार करतात, मशीनच्या कामाला साधारण 1.8 ने. पहिल्यांदा मला कुणी सांगितलं तेव्हा वाटलं थट्टा करतायत.

न्यू जर्सीच्या दादाला पण विचारलं, कारण तुमचा पुढचा प्रश्न तोच असणार. तिथे पासष्टीच्या पुढे मेडिकेअर, म्हणजे सरकारी विमा, 2025 साली सुरुवातीचे 257 डॉलर स्वतःचे आणि मग मंजूर झालेल्या रकमेच्या 20 टक्के पेशंटचे. पण त्या आधी कन्सल्टेशन वेगळं, प्लॅनिंग वेगळं, डोसचा हिशोब करणाऱ्या फिजिक्सवाल्यांचं वेगळं, प्रत्येक सिटिंग वेगळं, असे तुकडे पडतात, आणि तेच काम हॉस्पिटलमध्ये केलं की बाहेरच्या सेंटरमध्ये यावरही बिल बदलतं. पासष्टीच्या आतल्यांना तर आपल्या विमा कंपनीशी आधी पत्रव्यवहार. इंग्लंडमध्ये अजून वेगळीच तऱ्हा, तिथल्या नाइसने (कुठला उपचार कितपत योग्य ते सांगणारी सरकारी संस्था) 2016 मध्ये म्हटलं की धोका फार दिसत नाही पण फायद्याचा पुरावा चांगल्या दर्जाचा नाही, कारण कित्येक गाठी आपल्याआपण तशाच थांबतात, मग रेडिएशनने थांबली की नाहीतरी थांबणारच होती हे कळणार कसं. त्यामुळे कुठे सरकारी मिळतं कुठे नाही, आणि नाही तिथे खिशातून.

बाबा, माझं म्हणणं एवढंच की पैशांचा प्रश्न दुसरा आहे. पहिला हा की तुमच्या हाताला याचा उपयोग होणार आहे का. रेडिएशन बोट वाकायच्या आधीच कामाचं, फार तर दहा अंशांपर्यंत वाकलं असेल तोवर. एकदा बोट आत वळलं की ते सरळ करायचं काम रेडिएशनचं नाही, तिथे सुईने दोरी तोडतात किंवा ऑपरेशन. (एक इंजेक्शन होतं, ते युरोपातून कंपनीने 2020 मध्ये मागे घेतलं, त्याचं काही विचारू नका.) तेव्हा जेवायच्या टेबलावर हात पालथा ठेवा, तळवा आणि सगळी बोटं सपाट टेकतात का बघा. टेकली तर अजून वेळ आहे. मग देवासमोर करतो तसा नमस्कार करा, तळवे आणि बोटं एकमेकांना पूर्ण चिकटतायत का? मध्ये फट राहत असेल तर ते शुगरमुळे सांधे आखडण्याचं पण असू शकतं, ती वेगळी गोष्ट. आणि सकाळी बोट अडकून टक् करून सुटत असेल तर ते ट्रिगर फिंगर, त्याला तर इंजेक्शनच देतात, रेडिएशन नाहीच. तिन्ही शुगरवाल्यांत होतात म्हणून आधी हाताचा सर्जन, मग रेडिएशनवाला. उलटं गेलात तर मशीनवाला मशीनच विकणार ना.

कॅन्सरची भीती वाटते म्हणालात. गाठ कॅन्सरची नाही. रेडिएशनमुळे पुढे कधीतरी होऊ शकतो हा धोका कमी आहे पण कागदावर सही घेताना सांगतातच, तरुण पेशंटला म्हणून जास्त विचार करून देतात, तुमच्या वयाला तो मुद्दा तसा मागे पडतो. आणि त्यासाठी खारघरला टाटाच्या सेंटरला ट्रान्स हार्बरने हेलपाटे घालू नका, ती जागा ज्यांना खरंच लागते त्यांची, ठाण्यात लिनॅक, म्हणजे रेडिएशनचं मशीन, असलेली हॉस्पिटलं आहेत.

तिथे गेलात की तोंडी नाही, लेखी कोटेशन मागा. कन्सल्टेशन, प्लॅनिंगचं स्कॅन किंवा सिम्युलेशन, आणि पर सिटिंग किती. दोन्ही हात करायचे झाले तर दुसऱ्या हाताचे वेगळे लावणार का ते पण. कॅन्सरचं पॅकेज पंचवीस-तीस सिटिंगचं असतं, तुमची दहा, तेव्हा "पॅकेजच आहे काका" म्हणाले तर भुलू नका. दुसरा राउंड तीन महिन्यांनी आहे तर पैसे पण दोन भागांत भरू का विचारा, पहिल्यानंतर तुमचं मन बदललं तर अडकायला नको. मेडिक्लेमच्या एजंट काकांना पण आधी गाठा, बऱ्याच पॉलिसींत रेडिओथेरपी डे-केअरमध्ये असते पण लिहिलेलं असतं कॅन्सरच्या संदर्भात, साध्या गाठीला टीपीए, म्हणजे विमा कंपनीतर्फे क्लेम बघणारा, "ओपीडी आहे" म्हणून हात वर करू शकतो. प्री-ऑथ, म्हणजे आधीची मंजुरी, ईमेलवर घ्या, फोनवरच्या "होऊन जाईल"ला काही किंमत नाही. कमी पडलेच तर मी पाठवते, त्यावर वाद नको.

आणि "तिकडेच येऊन करून घेतो" हे जे अर्धं थट्टेत म्हणालात ना, तो हिशोब मी केलाय. माझ्या कासेत नवऱ्याचं नि मुलांचं नाव लागतं, आईवडिलांचं नाही. व्हिजासाठी जो ट्रॅव्हल इन्शुरन्स काढतो तो इमर्जन्सीपुरता, जुनी गाठ त्यात बसत नाही, म्हणजे सगळं रोख. वर शेंगेनचे, म्हणजे युरोपच्या व्हिजाचे, 180 दिवसांत फक्त 90 दिवस, आणि बारा आठवड्यांचं अंतर धरून दोन राउंड केलेत तर नव्वदच्या वर जातं. दुसऱ्या राउंडच्या मध्येच तुम्हाला विमानात बसावं लागेल. फिरायला या, मे महिन्यात, ते वेगळं.

आई, तुझ्या बोटांच्या पेरांचं. शेजारच्या काकूंनी सांगितलं ना की संधिवाताला पण असा शेक देतात. इथे देतात, खरंय, अगदी थोड्या डोसचा. पण हॉलंडमध्ये हाताच्या संधिवातावर याची नीट चाचणी झाली, निम्म्यांना खरं रेडिएशन आणि निम्म्यांना मशीनखाली नुसतं बसवलं, 2018 मध्ये निकाल आला की दोघांत फरक नाही. त्यामुळे तुझ्यासाठी कुणी पॅकेज सांगितलं तर सरळ उठून ये. तुझं तेल आणि गरम पाणी चालू दे.

बाबा, टेबलावर हात ठेवलेला फोटो पाठवा, वरून एक आणि बाजूने एक, म्हणजे बोट उचललंय का दिसेल. सोबत एचबीएवनसीचा (तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा) ताजा रिपोर्ट, गेल्या वर्षीचा चालणार नाही, तो माझ्याकडे आहेच. सर्जनची अपॉइंटमेंट मिळाली की तारीख कळवा, जमलं तर मी त्या वेळेला कॉलवर असेन.

तुमची,
ताई