जाहिरातीत महिने मोजून छापा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

नीटचा निकाल लागला की आपल्या दैनिकाच्या शिक्षण पुरवणीत परदेशी एमबीबीएसच्या जाहिरातींची रांग लागते. त्यांतल्या एकाच प्रकाराबद्दल हे पत्र आहे : ‘टाय-अप’ किंवा ‘ट्विनिंग’ पदवी. दोन वर्षे एका देशात, उरलेली दुसऱ्या देशात. किंवा सुरुवातीची वर्षे आपल्याच राज्यातल्या ‘स्टडी सेंटर’मध्ये आणि मग विमान. पालकांना ही मांडणी पटते, कारण खर्च कमी दिसतो आणि अठरा वर्षांचं पोर लगेच नजरेआड होत नाही. जाहिरातीच्या तळाशी ‘एनएमसी ॲप्रूव्ड’ असा शिक्काही असतो. मुळात एनएमसी, म्हणजे राष्ट्रीय वैद्यकीय आयोग, परदेशी महाविद्यालयांना मंजुरी देतच नाही. आयोग पाहतो ती परत आलेल्या विद्यार्थ्याची पात्रता, आणि तीही पदवी हातात पडल्यावर. म्हणजे फसगत कळते तेव्हा सहा वर्षे आणि घरावरचं कर्ज, दोन्ही खर्ची पडलेली असतात.

परदेशी वैद्यकीय पदवीधरांच्या परवान्याची सध्याची नियमावली १८ नोव्हेंबर २०२१ ची आहे. त्यानंतर प्रवेश घेतलेल्या सगळ्यांना ती लागू होते. तिचा हिशेब सोपा आहे. अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा, त्याशिवाय १२ महिन्यांची इंटर्नशिप. एकूण ६६ महिने, आणि हे सगळे एकाच परदेशी संस्थेत. ज्या देशाची पदवी त्याच देशात सगळं शिक्षण व्हायला हवं. प्रशिक्षणाचा किंवा इंटर्नशिपचा कोणताही तुकडा भारतात किंवा आणखी कुठल्या देशात झालेला चालत नाही. शिकवण्याचं माध्यम इंग्रजी. प्रवेशापासून १० वर्षांच्या आत अभ्यासक्रम पुरा. शिवाय त्या देशात तिथल्या नागरिकाच्या बरोबरीने वैद्यकी करण्याचा परवाना मिळण्याची पात्रता. हे सगळं जमलं की मग भारतातली परीक्षा आणि इथली १२ महिन्यांची आणखी एक इंटर्नशिप.

‘दोन अधिक चार’ची जाहिरात या परिच्छेदाशेजारी ठेवली की काय उरतं, ते सांगायला वकील लागत नाही.

भागीदारीतली पदवी म्हणजे लबाडी, असा मात्र याचा अर्थ नाही. मलेशियात हा मार्ग तीस वर्षांहून जुना आहे. क्वालालंपूरची इंटरनॅशनल मेडिकल युनिव्हर्सिटी (तेव्हाचं इंटरनॅशनल मेडिकल कॉलेज) १९९२ मध्ये सुरू झाली ती याच कल्पनेवर : पहिली अडीच वर्षे तिथे, पुढचा क्लिनिकल, म्हणजे रुग्णालयातला, भाग ब्रिटन, ऑस्ट्रेलिया वगैरेंतल्या भागीदार विद्यापीठात आणि पदवी त्या विद्यापीठाची. पेनांगच्या महाविद्यालयाने १९९६ पासून उलटा क्रम धरला. आधी डब्लिन, मग पेनांगची रुग्णालयं, पदवी आयर्लंडची. आपल्या मणिपालमध्येही मलाक्काच्या महाविद्यालयाचे विद्यार्थी निम्मा अभ्यासक्रम करून मलेशियात परतत. ब्रिस्बेनचं क्वीन्सलँड विद्यापीठ अमेरिकन विद्यार्थ्यांना दोन वर्षे ऑस्ट्रेलियात शिकवून पुढची दोन न्यू ऑर्लीन्सच्या रुग्णालयात पाठवतं. हे सगळे अभ्यासक्रम चांगले चालले, कारण विद्यार्थी जिथे व्यवसाय करणार होते तिथल्या नियामकाला तो मार्ग मान्य होता. मान्यता ही महाविद्यालयाच्या दर्जाला चिकटलेली नसते. ती एका देशाने आपल्या हद्दीपुरती दिलेली परवानगी असते. मलेशियाने मान्य केलेला आराखडा भारताने मान्य करावा असं कुठेही लिहिलेलं नाही, आणि २०२१ नंतर भारताचं उत्तर स्पष्ट नकाराचं आहे.

आता हे घसरतं कुठे कुठे ते पाहू. सगळ्यात साधी चूक बेरजेची. ‘पाच वर्षांत डॉक्टर’ म्हणजे ६० महिने. सहा कमी पडले. फिलिपिन्सच्या बीएस-एमडी जोडणीत बीएस हा वैद्यकपूर्व अभ्यासक्रम आहे, तो ५४ महिन्यांत धरला जात नाही, आणि नुसता एमडी चार वर्षांचा, म्हणजे ४८ महिन्यांचा. कॅरिबियन बेटांवरच्या महाविद्यालयांत पहिली दोन वर्षे बेटावर आणि क्लिनिकल वर्षे अमेरिकेतल्या रुग्णालयांत हा जुना रिवाज आहे. तिथून शिकलेले हजारो डॉक्टर अमेरिकेत काम करतात. पण भारतात यायचं तर ती रुग्णालयं दुसऱ्या देशातली, म्हणून अट मोडली. ग्रेनाडाच्या सेंट जॉर्जेसचा एक मार्ग तर पहिलं वर्ष इंग्लंडच्या नॉर्थम्ब्रिया विद्यापीठात काढतो. अमेरिकेत स्थायिक होणाऱ्याला तो उत्तम. पुढे सांगलीत दवाखाना काढायचा असेल तर नाही.

एजंट मंडळी हल्ली आणखी एक कागद पुढे करतात : विद्यापीठ अनुदान आयोगाची २०२२ ची ट्विनिंग, जॉइंट आणि ड्युअल पदव्यांची नियमावली. ती खरी आहे. पण ज्या अभ्यासक्रमांवर स्वतंत्र वैधानिक परिषदेचा अंमल आहे तिथे त्या परिषदेची मान्यता लागते, आणि वैद्यकीय आयोगाच्या नियमात अशा जोडपदवीला दारच ठेवलेलं नाही. युक्रेनचं उदाहरणही असंच वापरलं जातं. युद्धामुळे सप्टेंबर २०२२ मध्ये आयोगाने तिथल्या विद्यार्थ्यांना दुसऱ्या देशांत जाऊन शिकायला हरकत नाही असं कळवलं, पदवी मात्र मूळ युक्रेनी विद्यापीठाचीच राहील या अटीवर. युद्धात अडकलेल्यांसाठी काढलेली ती वाट होती. ती दाखवून नवे प्रवेश घेणं म्हणजे पुरात सोडलेल्या होडीचं तिकीट उन्हाळ्यात विकणं. तसंच वैद्यकीय महाविद्यालयांच्या जागतिक डिरेक्टरीत महाविद्यालयाचं नाव असणं म्हणजे मान्यता नव्हे. ती यादी आहे, प्रमाणपत्र नाही.

परवान्याच्या अटीकडे पालकांचं लक्ष सहसा जात नाही, आणि आमच्या मते तीच सगळ्यात कडक आहे. अनेक देश परकीय विद्यार्थ्याला पदवी देतात, परवाना देत नाहीत. तिथली परवाना परीक्षा फक्त नागरिकांना खुली असते, किंवा दोन देशांत परस्पर करार असेल तरच. कुठे परकीयांसाठी इंग्रजीतली वेगळी, आखूड तुकडी असते आणि तिची पदवी स्थानिक परवान्यापर्यंत पोचतच नाही. म्हणून प्रवेशाआधी महाविद्यालयाचं नव्हे, त्या देशाच्या आरोग्य खात्याचं किंवा मेडिकल कौन्सिलचं पत्र मागावं. त्यात तीन गोष्टी असाव्यात : या पदवीवर तिथला नागरिक परवाना मिळवतो का, भारतीय विद्यार्थी त्याच परीक्षेला बसू शकतो का, आणि इंटर्नशिप कुठल्या रुग्णालयात. एजंटने दिलेलं ‘नो ऑब्जेक्शन’ या पत्राची जागा घेऊ शकत नाही.

माध्यमाचंही तसंच. पहिली दोन-तीन वर्षे इंग्रजी आणि वॉर्डात गेल्यावर स्थानिक भाषा, याला ‘द्विभाषिक’ असं गोंडस नाव आहे. कागदावर ते इंग्रजी माध्यम ठरत नाही. प्रत्यक्षात नुकसान त्याहून मोठं होतं. रुग्णाला ‘कधीपासून दुखतं’ हे विचारता येत नसेल तर केस लिहायची कशी? मग विद्यार्थी खाटेपासून चार पावलं लांब उभा राहतो.

हे लांब उभं राहणं परत आल्यावर एफएमजीईत, म्हणजे परदेशी पदवीधरांना भारतात द्याव्या लागणाऱ्या परीक्षेत, दिसतं. नेक्स्ट ही नियोजित सामायिक परीक्षा लागू होईपर्यंत हीच परीक्षा आहे : ३०० प्रश्न, दीडशे-दीडशेचे दोन भाग, प्रत्येकी अडीच तास, उत्तीर्ण व्हायला १५० गुण, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. वर्षातून दोनदा, जून आणि डिसेंबर सत्रांत. उणे गुण नसूनही जून २०२४ च्या सत्रात सुमारे २१ टक्केच उत्तीर्ण झाले. गुणांची वाटणी पाहिली की कारण कळतं. शरीररचना, शरीरक्रिया आणि जीवरसायन मिळून ५१ गुण. मेडिसिन ३३, सर्जरी ३२, प्रसूती-स्त्रीरोग ३०. आणि कम्युनिटी मेडिसिन तब्बल ३०. यातला मोठा भाग म्हणजे आपले क्षयरोग आणि लसीकरण कार्यक्रम, प्राथमिक आरोग्य केंद्रांचे लोकसंख्येचे निकष, आशा सेविकेचं काम. परदेशात हे कुणी शिकवत नाही, शिकवण्याचं कारणही नाही. न्यायवैद्यकाचे १० गुणही भारतीय कायद्यावर. जो विद्यार्थी तिसऱ्या वर्षापासून ही ४० गुणांची तयारी स्वतः करतो त्याचं पारडं जड होतं. शेवटच्या वर्षी क्लास लावणाऱ्याला ती रट्टा मारून करावी लागते.

परीक्षा पास झाली की सगळं मार्गी लागलं, हाही गैरसमज. एफएमजीई घेणारं परीक्षा मंडळ अर्ज स्वीकारतं म्हणजे ६६ महिन्यांचा हिशेब मान्य झाला असं नाही. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे तात्पुरत्या नोंदणीला गेलं की कागद पुन्हा उघडतात : पासपोर्टवरचे येण्याजाण्याचे शिक्के, सत्रवार गुणपत्रकं, वॉर्डातल्या पोस्टिंगच्या तारखा. तिथे तीन महिने पासपोर्ट भारतात आणि हजेरी परदेशात असं दिसलं तर प्रश्न येणारच. ऑनलाइन झालेली सत्रं असतील तर त्यांची भरपाई प्रत्यक्ष वर्गात झाल्याचा पुरावा मागतात. त्यानंतर इंटर्नशिपची जागा. वैद्यकीय महाविद्यालयात परदेशी पदवीधरांसाठी मंजूर जागांच्या जास्तीत जास्त ७.५ टक्के इतकीच जादा सोय आहे. दीडशे जागांच्या महाविद्यालयात हे साधारण अकरा जण. तेव्हा नंबर लागेपर्यंत थांबण्याची तयारी हवी, आणि घरच्यांनाही ते आधी सांगून ठेवलेलं बरं.

कागदांबद्दल एक बारीक गोष्ट, पण फार त्रास देणारी. आपल्या दहावीच्या गुणपत्रकावर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. पासपोर्टवर क्रम वेगळा. परदेशी डिप्लोम्यावर, म्हणजे तिथल्या पदवी प्रमाणपत्रावर, तिसरंच काहीतरी, बऱ्याचदा वडिलांचं नाव गाळून. रशियन लिपी वापरणाऱ्या देशांत भर पडते ती ‘ह’ची. तिथे ‘ह’ला चपखल अक्षर नाही, ‘ख’च्या जवळचं एक आहे. महाडिक आडनाव त्या लिपीत जाऊन अनुवादकाच्या हातून परत आलं की ‘माखादिक’ होतं. मग हे दोघे एकच आहेत याचं प्रतिज्ञापत्र, राजपत्र, दूतावासाचं पत्र, अशी पायपीट. उपाय सोपा, पण वेळेवर करायचा : पासपोर्टवरचं नाव दहावीच्या कागदाशी जुळवून घेऊनच प्रवेश घ्यावा, पहिल्या सत्राच्या गुणपत्रकावरच स्पेलिंग तपासावं, आणि डिप्लोमा व त्याची पुरवणी विद्यापीठाकडूनच इंग्रजीत मागावी. अपोस्टील (परदेशात चालणारं सरकारी साक्षांकन) किंवा दूतावासाचं साक्षांकन तिथून निघण्याआधी उरकावं. मुंबईत बसून ते करायला महिने जातात. वॉर्डातलं लॉगबुक विभागप्रमुखाच्या सहीशिक्क्यासह दर पोस्टिंगनंतर स्कॅन करून घरी पाठवावं. सहा वर्षांनी त्या सह्या गोळा करता येत नाहीत.

ज्यांना परतायचंच नाही त्यांच्यासाठी भागीदारीतली पदवी अजूनही चालू शकते, पण तिथलाही रस्ता आधी वाचलेला बरा. ब्रिटनसाठी आयेल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेत सरासरी ७.५ आणि प्रत्येक घटकात किमान ७, किंवा ओईटी या आरोग्यसेवकांसाठीच्या इंग्रजी परीक्षेत बी श्रेणी. मग प्लॅब या तिथल्या परवाना परीक्षेचा पहिला भाग १८० प्रश्नांचा, दुसरा मँचेस्टरला जाऊनच. अमेरिकेसाठी यूएसएमएलई या परवाना परीक्षेच्या पायऱ्या आणि मग रेसिडेन्सीची, म्हणजे रुग्णालयातल्या पदव्युत्तर प्रशिक्षणाची, जागा. दोन्हीकडे पदवीची पडताळणी थेट मूळ विद्यापीठाकडून होते. त्यामुळे ‘पदवी कोण देणार’ हा प्रश्न तिथेही सुटत नाही. ‘यांच्या सहकार्याने’ आणि ‘यांच्याकडून प्रदान’ या दोन शब्दप्रयोगांत सगळं गणित आहे. करारपत्रात दुसरा नसेल तर फी भरू नये. फी भरावी तीही वर्षाच्या हप्त्याने आणि विद्यापीठाच्याच खात्यात, एजंटच्या नाही.

नीट पात्रतेविषयी वेगळं लिहीत नाही. २०१८ पासून परदेशी एमबीबीएसलाही ती सक्तीची आहे, हे आता बहुतेकांना ठाऊक आहे. तरीही ‘विदाउट नीट’ अशी जाहिरात कुठे दिसली तर ती थेट केराच्या टोपलीत टाकावी.

आमची आपणाकडे एवढीच विनंती. परदेशी वैद्यकीय पदवीची जाहिरात घेताना तिच्यात चार गोष्टी छापणं बंधनकारक करावं : पदवी देणाऱ्या संस्थेचं पूर्ण नाव, कोणत्या देशात किती महिने, इंटर्नशिप कुठे आणि किती महिने, आणि त्या देशाचा परवाना भारतीय नागरिकाला मिळतो की नाही. हा मजकूर जाहिरातीच्या मथळ्याएवढ्याच अक्षरांत यावा. तळाशी भिंगाने वाचायच्या ओळीत नको.

आपले,
परदेशी वैद्यकीय पदवीधरांना नोंदणीच्या कामी मार्गदर्शन करणारे काही डॉक्टर व शिक्षक,
पुणे