अभ्यासिकेला सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल यांचं नाव देण्याबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष व व्यवस्थापक समिती सदस्य,
आपली सहकारी गृहनिर्माण संस्था, पुणे.

महोदय,
स. न. वि. वि.

क्लब हाउसशेजारच्या नव्या अभ्यासिकेसाठी नावं सुचवा, अशी नोटीस आपण लिफ्टजवळ लावली आहे. माझ्याकडून एकच नाव : सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल, परमवीर चक्र (मरणोत्तर). मागच्या सभेत मी ते घेतलं तेव्हा ‘हे कोण?’ असं दोघातिघांनी विचारलं. तेव्हा सांगायला वेळ उरला नव्हता, म्हणून लिहून देते.

अरुणचा जन्म पुण्यातला, १४ ऑक्टोबर १९५०. (तो गेला तेव्हा माझ्या मुलाच्या आजच्या वयाहून लहान होता, म्हणून एकेरी लिहिते आहे. अनादर समजू नये.) वडील लष्करी अधिकारी. १९६७ मध्ये तो खडकवासल्याला एनडीएत दाखल झाला आणि जून १९७१ मध्ये अधिकारी होऊन ज्या रेजिमेंटमध्ये गेला, तिचं नावही पूना हॉर्स. पुढे नगरला त्याचं प्रशिक्षण चालू असतानाच पाकिस्तानशी लढाईची चिन्हं दिसू लागली आणि त्याला रेजिमेंटमध्ये परत बोलावलं. निघताना त्याने सामानात गोल्फच्या काठ्या घेतल्या होत्या, लाहोरला खेळायचं म्हणून! एकविसाव्या वर्षीच माणूस असं सामान बांधतो.

जम्मूलगतच्या सीमेवरच्या बसंतर नदीच्या परिसरात सुरुंग पुरते काढून व्हायच्या आतच पूना हॉर्सचे रणगाडे १५ डिसेंबरच्या रात्री पलीकडे गेले. १६ तारखेला सकाळी पाकिस्तानी पॅटन रणगाडे चाल करून आले. मदतीची हाक ऐकून अरुण धावला. त्याच्या सेंचुरियन रणगाड्याचं नाव ‘फामागुस्टा’. शत्रूचे रणगाडे उडवताना त्याचाही पेटला, आणि बाहेर पड म्हणून वायरलेसवर हुकूम आला. आपली तोफ अजून चालते आहे, रणगाडा सोडणार नाही, असं त्याने उलट कळवलं. लढत असतानाच पुन्हा गोळा बसला आणि तो गेला. शत्रूला मात्र तिथून पुढे सरकता आलं नाही.

त्या रात्री आमच्या वाड्यात पेढे वाटले होते. रेडिओवर ढाक्याच्या शरणागतीची बातमी आली होती. खिडक्यांना ब्लॅकआउटचे काळे कागद तसेच, दिव्यालाही कागद गुंडाळलेला, आणि त्या अर्धवट उजेडात आईने माझ्या हातावर पेढा ठेवला. मी दहा वर्षांची होते. त्याच दिवशी आपल्या गावात जन्मलेला मुलगा रणगाड्यात गेला, हे मला फार वर्षांनी कळलं.

आणखी एक गोष्ट मुलांना कळावी असं वाटतं. २००१ मध्ये अरुणचे वडील, ब्रिगेडियर एम. एल. खेत्रपाल, वयाच्या ८१व्या वर्षी पाकिस्तानातल्या सरगोध्याला आपलं जन्मगाव पाहायला गेले. लाहोरमध्ये ते ज्यांच्याकडे उतरले होते, त्या ब्रिगेडियर नासेर यांनी निघायच्या आदल्या रात्री त्यांना सांगितलं, की तुमचा मुलगा माझ्याच हातून मारला गेला. आपल्या पाहुण्याला हे सांगणं त्या माणसाला किती जड गेलं असेल, आणि बापाने ते कसं ऐकून घेतलं असेल!

देणगीदारांचं नाव अभ्यासिकेला द्यावं, असाही प्रस्ताव आहे. त्यांच्या देणगीबद्दल मनापासून आदर आहे. त्यांचं नाव आतल्या पुस्तकांच्या कपाटावर लावावं. दारावर मात्र अरुणचं असावं. तिथे रात्री अकरापर्यंत बसणारी आपली मुलं त्याच्याच वयाची आहेत.

उद्घाटन १६ डिसेंबरला न ठेवता १४ ऑक्टोबरला, त्याच्या वाढदिवशी करावं. स्पीकर नको, लांबलचक भाषणं नकोत. सोसायटीतल्या एखाद्या मुलीने किंवा मुलाने त्याची माहिती वाचून दाखवावी, एवढं पुरे.

पाटीचा मजकूर सोबत जोडला आहे. पाटीचा खर्च मी करेन. पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेत हा विषय घ्यावा, ही विनंती.

आपली विश्वासू,
बी विंग, फ्लॅट क्र. ३०४