लोझान तहाबद्दल आपल्या पेपरात दोन्ही बाजू याव्यात

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दरवर्षी २४ जुलैला तुर्कस्तानात लोझानच्या तहाची, म्हणजे पहिल्या महायुद्धानंतर देशाच्या सीमा पक्क्या करणाऱ्या कराराची, आठवण काढतात. सुट्टी नसते पण दिवस मोठा मानतात. एदिर्नेजवळ काराआचला त्याचं स्मारक आहे, काँक्रीटचे तीन खांब, सगळ्यात उंच अनातोलियाचा (देशाचा आशियातला भाग), त्याहून लहान थ्रेसचा (युरोपातला भाग) आणि सगळ्यात बुटका खुद्द काराआचचा, कारण तेवढा तुकडा ग्रीसने युद्धाची भरपाई म्हणून दिला होता. आपल्याकडे मात्र या तहावर कोणी काही लिहीत नाही, म्हणून हे पत्र.

पहिलं महायुद्ध हरल्यावर १९२० मध्ये सेव्हर्सचा तह तुर्कांच्या गळ्यात मारला होता, देशाचे लचके तोडायचं सगळं कागदावर ठरलं होतं. मुस्तफा कमाल यांच्या अंकारा सरकारने तो मानलाच नाही, लढले, जिंकले आणि मग नोव्हेंबर १९२२ ला स्वित्झर्लंडमध्ये लोझानला बरोबरीने बोलणी करायला बसले. समोर कोण, तर लॉर्ड कर्झन, आपल्या बंगालच्या फाळणीवाला! तुर्कांच्या बाजूने बोलणाऱ्या इस्मत पाशांना ऐकायला कमी यायचं, कर्झनची लांबलचक भाषणं झाली तरी गडी आपला मुद्दा सोडायचा नाही. फेब्रुवारीत बोलणी फिसकटली, एप्रिलमध्ये परत सुरू झाली आणि २४ जुलै १९२३ ला सह्या झाल्या. परदेशी लोकांना तिथल्या कोर्टापासून जी सूट होती, व्यापारात सवलती होत्या, त्या सगळ्या गेल्या. हरलेल्या देशाने तह बदलून घेतला, याचं मला मनापासून कौतुक वाटतं.

पण त्याच लोझानमध्ये ३० जानेवारीला ग्रीस आणि तुर्कस्तानचा लोकसंख्येच्या अदलाबदलीचा करार झाला होता, तोही सक्तीचा. सुमारे १२ लाख ख्रिश्चन ग्रीसच्या वाट्याला आणि चारेक लाख मुसलमान तुर्कस्तानच्या. बरेच ख्रिश्चन तर आधीच जीव मुठीत धरून पळाले होते, त्यांचा परतीचा रस्ता या कराराने बंद केला. निकष फक्त धर्म, म्हणजे अनातोलियातल्या कॅपाडोकियातले घरात तुर्की बोलणारे ख्रिश्चन ग्रीसला पाठवले आणि क्रीट बेटावरचे ग्रीक बोलणारे मुसलमान तुर्कस्तानात, दोघांनाही नव्या गावात शेजाऱ्याशी बोलता येईना. हे वाचलं की आतून तुटतं.

आपला याच्याशी संबंध नाही असं कोणी म्हणू नये. मुंबईच्या खिलाफत कमिटीने अंकाराला पैसे पाठवले होते, आणि तहानंतर आठ महिन्यांत कमाल पाशांनी खिलाफतच, म्हणजे खलिफाचं पदच, रद्द केली. डॉ. आंबेडकरांनी १९४० मध्ये पाकिस्तानच्या प्रश्नावर लिहिताना याच तुर्कस्तान-ग्रीसच्या अदलाबदलीचा दाखला दिला होता. १९४७ ला तर असा कुठला करारही नव्हता तरी माणसं उपटली गेलीच, उल्हासनगरच्या जुन्या सिंधी घरांमध्ये ते अजून ऐकायला मिळतं.

२०२३ मध्ये तर लोझान तह शंभर वर्षांनी संपणार, त्यात गुप्त कलमं आहेत असं सोशल मीडियावर जोरात फिरत होतं. तहात १४३ कलमं आहेत, एकातही अशी मुदत नाही. अशा वेळी पेपरनेच नीट सांगायला पाहिजे ना. माझी एवढीच विनंती आहे की पुढच्या २४ जुलैला यावर सविस्तर लेख द्या, पण नुसता विजयाचा नको, त्यात घरं सुटलेल्या दोन्हीकडच्या माणसांनाही तेवढीच जागा द्या.

आपला,
एक नियमित वाचक, मिरज