११ नोव्हेंबरला महायुद्ध संपले नव्हते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

११ नोव्हेंबरच्या अंकातले पहिल्या महायुद्धावरचे टिपण वाचले. सारायेव्होत एका तरुणाने गोळी झाडली, युरोप पेटला, चार वर्षे फ्रान्सच्या खंदकांत माणसे मेली आणि ११ नोव्हेंबर १९१८ च्या सकाळी ११ वाजता सगळे थांबले, असा त्याचा गोषवारा. पाठ्यपुस्तकांतही साधारण एवढेच असते. ज्या जिल्ह्यांतून पलटणीच्या पलटणी या युद्धावर गेल्या, तिथल्या वाचकांना इतके त्रोटक सांगणे मला मुळीच पटत नाही, म्हणून हे पत्र.

सुरुवातीपासून बघू. ऑस्ट्रियाचे युवराज आर्चड्यूक फ्रान्झ फर्डिनंड आणि त्यांची पत्नी सोफी यांचा खून झाला २८ जून १९१४ ला. ऑस्ट्रियाने सर्बियाला निर्वाणीचा खलिता धाडला २३ जुलैला. मधले साडेतीन आठवडे बर्लिन आणि व्हिएन्नात विचारविनिमयात गेले. ‘काय वाटेल ते करा, आम्ही पाठीशी आहोत’ असा भरवसा जर्मनीने ऑस्ट्रियाला ५ जुलैलाच दिला होता. सर्बियाने जवळजवळ सगळ्या अटी मान्य केल्या. ते उत्तर २८ जुलैच्या सकाळी वाचून आता युद्धाला काही कारणच उरले नाही, असा शेरा खुद्द कैसरने, म्हणजे जर्मन सम्राटाने मारला, आणि त्याच दिवशी ऑस्ट्रियाने युद्ध पुकारले. पुढे सर्बियाच्या पाठीराख्या रशियाने सैन्याची जमवाजमव सुरू केली. जर्मनीची योजना अशी, की आधी बेल्जियममार्गे फ्रान्सला लोळवायचे आणि मग रशियाकडे वळायचे. रेल्वेगाड्यांची वेळापत्रके त्याबरहुकूम बांधलेली होती. १ ऑगस्टला कैसरने फौजा फक्त पूर्वेकडे पाठवायची इच्छा दाखवली, तेव्हा आता बदल शक्य नाही असे सेनापती मोल्टके यांनी सांगितले. ही सगळी शहाण्यासुरत्या, अनुभवी माणसांनी शुद्धीवर राहून घेतलेली पावले होती. एका एकोणीस वर्षांच्या पोराच्या पिस्तुलावर सगळे ढकलले की ही माणसे मोकळी सुटतात.

४ ऑगस्टला ब्रिटन युद्धात उतरले आणि त्याच क्षणी हिंदुस्थानही उतरला. इथल्या एकाही माणसाला कुणी विचारले नाही.

फ्रान्समधल्या लढाईविषयी पुष्कळ लिहिले जाते. सोम नदीकाठच्या लढाईत १ जुलै १९१६ या एका दिवसात १९ हजारांवर ब्रिटिश सैनिक पडले, हे बहुतेकांनी वाचलेले असते. आपल्याकडची माणसे मोठ्या संख्येने गेली ती मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये. तो मुलूख तेव्हा जर्मनीच्या बाजूने लढणाऱ्या तुर्कस्तानचा होता. टिपणात त्याचा एका ओळीचाही उल्लेख नाही.

नोव्हेंबर १९१४ मध्ये इथून गेलेली फौज बसऱ्याच्या दक्षिणेला फाओ इथे उतरली, ती जवळच्या इराणमधल्या अबादानच्या तेलाचे रक्षण करायला. तिचे नाव सहावी पुणे डिव्हिजन. तीत १०३, ११० आणि ११७ क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. महिना संपायच्या आत बसरा हाती आले. तिथे थांबायचे ठरले असते तर पुढचा अनर्थ टळता, पण बगदादचा मोह सुटला नाही. पुरेशा बोटी नाहीत, डॉक्टर नाहीत, औषधे नाहीत, तरी जनरल टाउनशेंड यांची फौज तैग्रिस नदीच्या काठाने वर वर धाडली गेली. नोव्हेंबर १९१५ मध्ये बगदादजवळ टेसिफॉनला तुर्कांनी ती अडवली. जखमींना बिनस्प्रिंगच्या गाड्यांत घालून नदीपर्यंत आणले आणि बोटी आणि सपाट होड्यांच्या उघड्या फळ्यांवर दाटीवाटीने टाकून बसऱ्याला रवाना केले. अशीच एक बोट बसऱ्याला लागताना मेजर कार्टर या लष्करी डॉक्टरांनी पाहिली. लांबून त्यांना वाटले, बाजूंनी दोर लोंबताहेत. जवळ आल्यावर कळले की ती हगवणीने बेजार झालेल्या माणसांची वाळून लोंबणारी घाण आहे. कार्टर यांनी तसा अहवाल दिला, तेव्हा वरिष्ठांनी त्यांनाच दमदाटी केली. पण ते मागे हटले नाहीत. आपल्या मुलांसाठी बोललेल्या या परक्या डॉक्टरांचे नाव इथे घरोघरी माहीत असायला हवे होते.

उरलेली फौज कुत-अल-अमारा या गावात कोंडली गेली. ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६, जवळजवळ पाच महिने वेढा. सुटकेसाठी आलेल्या फौजेचीच वीस हजारांवर माणसे मेली वा जायबंदी झाली. आत शिधा संपत आला, तेव्हा घोडे आणि खेचरे कापायला लागले. हिंदी शिपायांनी ते मांस खायला नकार दिला. गावी परतल्यावर जातभाई वाळीत टाकतील ही भीती होती. हिंदुस्थानातून धर्मगुरूंच्या परवानगीच्या तारा मागवल्या, तरी बरेच दिवस बहुतेकांनी ते खाल्ले नाही. भाजीपाला नाही, मांस नाही, पीठ दिवसाला जेमतेम दोन छटाक. स्कर्व्हीने हिरड्या सुजल्या, जखमा भरेनात. विमानांतून पिठाची पोती टाकून बघितली, त्यांतली काही नदीत पडली. शेवटी सुमारे १३ हजार जण शरण गेले. त्यांना वाळवंटातून पायी हाकत नेले, अनेकांना रास-अल-ऐनकडच्या रेल्वेच्या कामाला जुंपले आणि त्यात हजारो मेले. टाउनशेंड मात्र कॉन्स्टँटिनोपलजवळच्या बेटावर बंगल्यात राहिले. पुढे १९१७ मध्ये चौकशी आयोगाचा अहवाल आला आणि ब्रिटिश मंत्रिमंडळातले भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांना राजीनामा द्यावा लागला, एवढाच काय तो न्याय.

आता शेवट. १९१८ च्या वसंतात जर्मनीने केलेला निकराचा हल्ला ओसरला, अमेरिकेची ताजी फौज आली, ऑगस्टपासून जर्मन आघाडी मागे हटू लागली. आधी बल्गेरिया, ३० ऑक्टोबरला तुर्कस्तान, मग ऑस्ट्रिया आणि अखेर जर्मनी अशी युद्धबंदी झाली. युद्धबंदी म्हणजे तह नव्हे. जर्मनीची नाकेबंदी जुलै १९१९ पर्यंत चालूच होती. व्हर्सायच्या तहावर सह्या झाल्या २८ जून १९१९ ला, सारायेव्होच्या खुनाला बरोबर पाच वर्षे झाली त्या दिवशी. तुर्कस्तानशी कायमचा तह व्हायला तर १९२३ उजाडले, आणि १९२० मध्ये इराकमधला उठाव मोडायला पुन्हा हिंदी फौजाच वापरल्या गेल्या. आपल्याकडच्या कित्येक गावांत सरकारने बसवलेल्या संगमरवरी पाट्या आहेत. त्यांवर ‘१९१४-१९१९’ असेच कोरलेले आहे.

युद्धासाठी हिंदुस्थानच्या तिजोरीतून १० कोटी पौंडांची ‘देणगी’ गेली. जून १९१८ मध्ये मुंबईच्या युद्धपरिषदेत लोकमान्य टिळक स्वराज्याचा विषय काढू लागले, तेव्हा गव्हर्नर विलिंग्डन यांनी त्यांना अडवले आणि टिळक उठून बाहेर पडले. त्याच महिन्यात मुंबई बंदरातून इन्फ्लुएन्झा शिरला. ऑक्टोबरात शहरात एकेका दिवशी सातशेवर माणसे दगावली आणि देशभर तर कोटीहून अधिक. दहा लाखांहून अधिक माणसे समुद्रापार पाठवणाऱ्या देशाच्या पदरात मार्च १९१९ मध्ये पडला रौलट कायदा आणि एप्रिलमध्ये जालियनवाला बाग. हा सगळा त्या युद्धाचाच शेवट आहे.

महोदय, एक विनंती आहे. त्या गावोगावच्या पाट्यांवर फक्त आकडे आहेत, किती गेले आणि किती मेले. बसऱ्याच्या स्मारकावरही साध्या हिंदी शिपायांची नावे कोरली नाहीत, पलटणवार संख्या लिहिली. या दुजाभावाबद्दल राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने (कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन) २०२१ मध्ये माफी मागितली. आयोगाची मृतांची सूची आज संगणकावर कुणालाही पाहता येते आणि तीत अनेक हिंदी शिपायांच्या नावापुढे बापाचे नाव, गाव, तालुका, जिल्हा दिलेला आहे. लाहोरच्या संग्रहालयात सापडलेल्या नोंदवह्यांवरून पंजाबातल्या गावांची अशी यादी लोकांसमोर आलीही आहे. आपल्या दैनिकाचे वार्ताहर तालुक्या-तालुक्यात आहेत. त्यांनी आपापल्या भागातल्या पाट्यांची छायाचित्रे घ्यावीत, सूचीतली नावे त्या त्या गावाशी ताडून पाहावीत आणि पुढच्या ११ नोव्हेंबरच्या आत जिल्हावार याद्या छापाव्यात. सातारा जिल्ह्याचे काम करायला मी आणि माझे दोन माजी विद्यार्थी तयार आहोत. आपण कळवाल तेव्हा सुरुवात करू.

आपला,
एक निवृत्त इतिहास शिक्षक
ता. कोरेगाव, जि. सातारा