कार्ब्युरेटर उघडण्याआधी टाकी बघा

संपादक महोदय,

१ सप्टेंबरपासून जलक्रीडेचा हंगाम सुरू होईल. मालवण, तारकर्ली, देवबागला पावसाळाभर झापांखाली असलेल्या बोटी पाण्यात उतरतील, आणि पहिल्या पंधरवड्यातच नेहमीची तक्रार कानावर येईल: इंजिन जेटीवर छान चालतं, बाहेर गेलं की गचके देत बंद पडतं, थोडं थांबलं की परत सुरू होतं. मग कार्ब्युरेटर खोलतात, धुतात. दोन दिवस बरे जातात, तिसऱ्या दिवशी तेच. मागे पर्यटकांचं पॅराशूट किंवा बनाना (ओढून न्यायची हवेची लांबट बोट) असताना, किंवा कर्लीच्या मुखाशी ओहोटी जोरात बाहेर ओढत असताना इंजिन मेलं तर काय होतं, ते किनाऱ्यावरच्या माणसाला सांगायला नको.

पाना हातात घेण्याआधी इंजिन कसं बंद पडलं ते विचारा. रेस हळूहळू उतरत, अडखळत मेलं तर संशय पेट्रोलवर. दिव्याचं बटण दाबल्यासारखं एका क्षणात गप्प झालं तर वायरिंगवर. एवढ्या एका प्रश्नाने अर्धं काम होतं. तरीही तो फारसा कुणी विचारत नाही.

पेट्रोलवर संशय असेल तर सगळ्यात स्वस्त चाचणी अशी: स्वतःचा पाइप आणि बल्ब (पेट्रोल इंजिनाकडे ढकलायचा रबरी हातपंप) असलेली वेगळी २०-२५ लिटरची सुटी टाकी घ्या, ताजं पेट्रोल भरा आणि त्यावर अर्धा तास जोरात बोट चालवा. दोष गेला तर तो बोटीच्या टाकीत किंवा पाइपात आहे. इंजिनाला हात लावायची गरज नाही.

दुसरी खूण हातपंपाच्या बल्बची. इंजिन अडखळायला लागताच बल्ब दाबा. बल्ब चपटा होऊन आत ओढला गेला असेल तर टाकीच्या बाजूला अडथळा आहे. आधी टाकीचा हवेचा स्क्रू बघा. तो बंद राहिला की टाकीत पोकळी तयार होते, इंजिन काही मिनिटं चालून मरतं, आणि झाकण उघडताना 'फुस्स' आवाज येतो. नंतर टाकीतल्या नळीची जाळी. बल्ब मऊ असेल आणि दाबल्यावर इंजिन सावरत असेल, तर इंजिनाच्या पेट्रोल पंपाचा डायफ्रॅम (आतला पातळ पडदा) फाटलाय किंवा पाइप हवा घेतोय. बल्ब घट्ट असूनही इंजिन मरत असेल, तरच कार्ब्युरेटरकडे वळा.

हवा घेणारा पाइप फसवतो. तिथे दाब नसून ओढ असते, म्हणून पेट्रोल बाहेर गळत नाही, हवा आत जाते. 'गळत नाही, म्हणजे पाइप चांगला' हे गणित इथे चालत नाही. इंजिनाजवळ अर्धा मीटर पारदर्शक, पेट्रोलला टिकणारा पाइप तात्पुरता जोडा. बुडबुडे सलग दिसले की क्लिपा आणि कनेक्टरचे ओ-रिंग (रबरी कड्या) बदला. प्लास्टिकच्या पट्ट्या नकोत, स्टीलच्या क्लिपा लावा. चाचणी झाल्यावर पारदर्शक पाइप काढून टाका, उन्हात तो टिकत नाही.

आता मूळ दुखणं. पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, तर औटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून बसवायची इंजिनं बनवणाऱ्या अनेक कंपन्या पुस्तिकेत १० टक्क्यांचीच मर्यादा देतात. इथेनॉल ओलावा ओढून घेतं. अर्धी भरलेली टाकी तीन महिने कोकणच्या पावसात राहिली की पाणी आणि इथेनॉल मिळून पेट्रोलपासून वेगळे होऊन तळाशी बसतात. जेटीवर बोट समतल असते, नळीला वरचं पेट्रोल मिळतं. वेग घेताच नाळ (बोटीचं पुढचं टोक) वर उठते, तळाचं पाणी मागे सरकतं, आणि नळी बहुधा मागेच असते. दोष 'कधी कधी' येतो तो यामुळे. टाकीच्या तळातून काचेच्या बरणीत अर्धा लिटर काढा आणि १५ मिनिटं स्थिर ठेवा. खाली वेगळा थर दिसला तर वर ताजं पेट्रोल ओतून भागणार नाही, टाकी पूर्ण रिकामी करून पुसावी लागेल. इथेनॉलमुळे जुन्या पाइपाचं आतलं अस्तरही सुटतं आणि त्याचे तुकडे झडपेसारखे अडकतात. पाणी वेगळं करणारा १० मायक्रॉनचा फिल्टर दर हंगामाला बदला.

कार्ब्युरेटरची खूण सोपी आहे. स्लोवर मरतं आणि रेसवर चालतं, तर दोष स्लो जेटमध्ये (जेट म्हणजे पेट्रोल सोडणारं बारीक भोक). उलट असेल तर मेन जेट. जेटमध्ये तार घालू नका, भोक मोठं होतं. टू-स्ट्रोकमध्ये ५० ला १ असं प्रमाण दिलं असेल तर लिटरला २० मिली, म्हणजे २५ लिटरला अर्धा लिटर ऑइल. 'थोडं जास्त बरं' म्हणून ओतलेल्या ऑइलने प्लग काळे होतात आणि इंजिन स्लोवर मरतं.

एका क्षणात बंद पडणाऱ्या इंजिनात आधी मनगटाला बांधायच्या दोरीचा किल-स्विच (दोरी ओढली गेली की इंजिन बंद करणारा) बघा; खाऱ्या हवेने त्याचे संपर्क गंजतात. नंतर बॅटरीची टोकं. पंखवाले नट कंपनाने सैल होतात, त्यांच्या जागी लॉकनट लावा. उभ्या बोटीत बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास आणि चालू इंजिनावर साधारण १४ दाखवायला हवी. अर्ध्या तासाने मरतं आणि वीस मिनिटं थंड झाल्यावर चालू होतं, तर कॉइल किंवा सीडीआय (प्लगला ठिणगी पुरवणारे भाग) गरम होऊन सोडतंय. ही तपासणी इंजिन मेल्याबरोबर, गरम असतानाच करायची, नंतर सगळं ठीकच दिसतं. मात्र उघडा प्लग धरून ठिणगी बघू नका, स्पार्क टेस्टर वापरा. आजूबाजूला पेट्रोलची वाफ असते.

जाता जाता, इंजिनाच्या पाण्याची धार बारीक झाली असेल तर इम्पेलर (इंजिन थंड ठेवणारं पाणी खेचणारं रबरी चक्र) आधी बघा. तारकर्लीची उथळ वाळू तो लवकर खाते.

महाराष्ट्र सागरी मंडळाला आमची विनंती एवढीच: हंगामापूर्वीच्या तपासणीत जेटीवर इंजिन सुरू करून दाखवणं पुरेसं मानू नये. माणसांइतकं वजन ठेवून, नाळ उचलेल इतक्या वेगात, किमान अर्धा तास चाचणी घ्यावी. टाकीतल्या पेट्रोलचा नमुना बरणीत पाहावा आणि फिल्टर बदलल्याची तारीख नोंदवहीत लिहून घ्यावी.

— औटबोर्ड इंजिन दुरुस्ती करणारे मेकॅनिक, मालवण